हिराताईंच्या डोळ्याला लावलेला दिवा

मी कर्वेनगरातल्या एका कॉलेजात डोळा कसा बघतो हे शिकवते. दरवर्षी वर्गातलं कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, पण स्वतःला कमी दिसायला लागलंय हे माणसाला कळत कसं नाही?" मग मी फळ्यावर दोन डोळे काढते. एकाला दिसत नाही ते दुसरा भरून काढतो, दोघांनाही दिसत नाही ते मेंदू आजूबाजूचं बघून सारवून टाकतो, वगैरे सगळं सांगते. मुलं उतरवून घेतात. माझ्याकडे याचं आणखी एक उत्तर आहे, ते मी वर्गात कधी दिलेलं नाही. हिराताईंना कळलं नव्हतं, पण मला कळलं होतं. कळूनही मी पाच महिने गप्प बसले आणि त्या पाच महिन्यांत त्यांच्या उजव्या डोळ्यातलं जे गेलं ते परत आलं नाही.

हे आधीच सांगून टाकलं, कारण नाहीतर त्यांच्याबद्दल छान छान लिहीत बसेन आणि माझं शेवटी दोन ओळींत उरकेन. मी स्वतःला चांगली ओळखते.

मी प्रबंधासाठी ज्या संशोधन संस्थेत होते, तिथल्या आमच्या प्रयोगशाळेत हिराताई मदतनीस होत्या. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर संस्थेच्या मागच्या अंगाची एक खोली. भिंती काळ्या, छत काळं, दारावर काळा पडदा. आत एक खुर्ची, हनुवटी टेकवायला पट्टी आणि समोर अर्धगोल पडदा. त्यावर प्रकाशाचे बारीक ठिपके चमकायचे. बसणाऱ्यानं डावा डोळा झाकायचा, उजव्यानं मधल्या लाल खुणेकडे बघत राहायचं आणि नजरेच्या कडेला कुठे ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. आमचं सगळं संशोधन त्या बटणावर चालायचं. किती मंद ठिपका माणसाला जेमतेम दिसतो, हे शोधण्यात आमची उमेदीची वर्षं गेली. यवतमाळला आईला हे समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे. ती म्हणायची, "म्हणजे दिसते का नाही एवढंच विचारता ना? मग त्याला पाच वर्षं काहून लागतात?"

हिराताई हडपसरच्या. त्यांची शेती होती तिथे आता इमारती आहेत. दीर-जावांच्या दारात मोठमोठ्या गाड्या उभ्या होत्या आणि या मात्र दोन बस बदलून, डबा आणि भाजीची पिशवी घेऊन नऊच्या ठोक्याला हजर. "ताई, आता कशाला नोकरी करता?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "मग घरी बसून सिरीयली बघू व्हय? हितं अंधारात बसते, पण काहीतरी बघितल्यासारखं तरी वाटतंय."

काळ्या खोलीच्या दाराशी त्यांचा एक स्टीलचा डबा असायचा. मोबाईल, घड्याळ, अंगठी, चमकणारं जे काही असेल ते त्यात टाकल्याशिवाय आत प्रवेश नाही. एकदा आमचे सर पाहुण्यांना घेऊन आले. सरांच्या नव्या शर्टाला चकचकीत बटणं होती. ताईंनी पाहुण्यांसमोर काळी चिकटपट्टी आणली आणि गळ्यापासून पोटापर्यंत एकेक बटण झाकून टाकलं. सर बिचारे हात वर करून उभे. "अहो, शर्ट नवीन आहे," एवढंच पुटपुटले. "शर्ट नवाच राहतोय. जावा आता आत," ताई म्हणाल्या.

डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास नुसतं बसून राहायचं. आम्ही विद्यार्थी कंटाळून जायचो, डुलक्या काढायचो. ताई मटार सोलायच्या. घुप्प अंधारात शेंगा फुटल्याचा आवाज यायचा, टक, टक. पावट्याच्या दिवसांत पावटे, घेवड्याच्या दिवसांत घेवडा. किडका दाणा बोटालाच कळतो म्हणायच्या. दिवा लावला की पातेल्यात किलोभर दाणे असायचे आणि एकही किडका नसायचा. त्यातले निम्मे माझ्या डब्यात पडायचे. "हॉस्टेलात काय खातीस ते मला ठावं हाय," असं म्हणत झाकण त्याच लावायच्या.

शाळांच्या सहली आल्या की ताईंना चेव चढायचा. पांढऱ्या कागदावर चार बोटांच्या अंतरानं दोन टिकल्या चिकटवायच्या आणि एखाद्या मुलीच्या हातात द्यायच्या. "डावा डोळा झाक. डाव्या टिकलीकडं बघ. आता कागद हळूहळू जवळ आण." मुलगी आणायची, आणि एकदम किंचाळायची, "उजवी टिकली गेली!" ताई कंबरेवर हात ठेवून हसायच्या. "गेली न्हाई बाई, हितंच हाय. तुला दिसंना झाली, एवढंच. प्रत्येकाच्या डोळ्यात एक भोक असतंय. देवानंच ठेवलंय, घाबरू नगंस." आम्हाला तोच आंधळा बिंदू समजावून सांगायला चाळीस स्लाईड लागायच्या.

आणि माणसं पारखणं. ठिपके दाखवताना अधूनमधून ताई मुद्दाम काहीच दाखवायच्या नाहीत. यंत्राचा खटका वाजायचा, दिवा मात्र बंद. तरीही बटण दाबलं गेलं तर समजायचं, हा माणूस अंदाजपंचे चाललाय. एकदा एक निवृत्त साहेब आले होते, ताठ कण्याचे, इस्त्रीच्या विजारीतले. प्रत्येक खटक्याला बटण! संपल्यावर ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, अकरा वेळा मी दिवा लावलाच न्हवता. अकराच्या अकरा तुम्ही बघितलेत."

"मग यंत्र बिघडलंय तुमचं," साहेब म्हणाले.

"असंल," ताई म्हणाल्या. मग त्यांना बाहेर नेऊन बसवलं, चहा दिला. काय बोलल्या ते मला पडद्याआडून ऐकू आलं. "दिसलं न्हाई म्हणायला लाज कसली, साहेब? दिसलं तर हो, न्हाई तर न्हाई. तुमच्या न्हाईतनंच आम्हाला कळतंय." साहेब पुन्हा आत आले आणि या वेळी मान खाली घालून खरं खरं सांगून गेले. त्यांना खरंच कमी दिसत होतं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं.

अशा ताई स्वतः खुर्चीत बसल्या की त्यांच्या आकड्यांना सोन्याचा भाव. खटक्याला फसायच्या नाहीत, थकायच्या नाहीत, आज एक उद्या दुसरं असं नाही. आमचा प्रकाश मोजायचा मीटर कधीतरी बिघडला होता. तो दुरुस्त करायचं निघालं की सर म्हणायचे, "मीटर कशाला? ताई आहेत की." तीच रीत पडून गेली. नवा विद्यार्थी आला, नवा प्रयोग मांडला, की पहिलं वाक्य, "आधी ताईंवर लावून घे." ताईंना जेवढा प्रकाश जेमतेम दिसतो, त्याला एक म्हणायचं. बाकी सगळ्यांची नजर त्या एकाच्या किती पट, किती हिश्श्यांत, ते लिहायचं. दिव्याचा उजेड वाढवायच्या बटणाशेजारी पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीनं ताईंचा आकडा लिहिलेला असायचा, म्हणजे बटण कितीवर फिरवलं की त्यांना जेमतेम दिसतं तो. मी आले तेव्हा तो बत्तीस होता.

माझा प्रयोग साधा होता. तेच चार जण दर आठवड्याला यायचे आणि नजरेच्या कडेचे ठिपके बघायचा सराव करायचे. सरावानं कडेची नजर सुधारते का, एवढंच मला बघायचं होतं. दर सोमवारी आधी ताईंवर दिवा लावायचा, मग चौघांची परीक्षा. दोन वर्षांत चौघंही सुधारत गेले. पहिल्यांदा त्यांना ताईंएवढाच प्रकाश लागायचा, नंतर ताईंच्या पाऊणपट, मग त्याहूनही कमी. सर खूश. लेख छापून आला, परदेशातल्या एका प्राध्यापकाचं कौतुकाचं पत्र आलं. मी तर हवेतच होते.

त्याच दोन वर्षांत पांढऱ्या पट्टीवरचा आकडा बत्तिसाचा पस्तीस झाला, सदतीस झाला, मग एकेचाळीस. अंधारातून ताई म्हणायच्या, "दिवा मंद हाय गं." मी म्हणायचे, "हो ताई, वाढवते," आणि बटण आणखी थोडं फिरवायचे. दिवा म्हातारा झाला असं आम्ही सगळेच म्हणायचो. दिव्याची काच पुसून घेतली, तरी आकडा खाली आला नाही. मग म्हटलं, विजेचं काहीतरी असेल. ताईंच्या डोळ्याबद्दल कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मोजपट्टीच आखडली असेल असं कुणाच्या मनात येतं? चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताचा धक्का लागून दोनदा पडला. दाराची कड खांद्याला लागली. "स्टूल कुणी हलवला?" म्हणून त्या करवादायच्या, आणि स्टूल तिथेच असायचा. आम्ही हसायचो.

दसऱ्याला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा व्हायची. ताई अर्धगोल पडद्याला झेंडूचं तोरण बांधायच्या, बटणाला हळदकुंकू वाहायच्या. त्या दसऱ्यानंतरच्या शनिवारी माझा मित्र निखिल हिंजवडीहून आला. त्याच्या कंपनीत मोबाईलच्या पडद्यांचा उजेड तपासायचं काम चालायचं. पडून होता म्हणून एक चांगला मीटर तो घेऊन आला होता. मीच सांगितलं होतं, एकदा आमचा म्हातारा दिवा मोजून दे. दोन तास त्यानं मोजमाप केलं, आमचा मीटर चालू होता तेव्हाच्या वहीतले आकडे ताडून पाहिले आणि म्हणाला, "तुमचा दिवा ठणठणीत आहे. बत्तिसावर आजही तेवढाच प्रकाश पडतोय. एकेचाळीसवर पडतोय तो कितीतरी जास्त आहे. मग बदललं काय?"

"बघते," मी म्हटलं.

बघायचं काही नव्हतं. दिवा तोच, खोली तीच, मग बदलला तो डोळा. आणि डोळा बदलला असेल तर माझे चौघं सुधारलेच नव्हते. ते होते तिथेच होते, ताई खाली चालल्या होत्या. माझा प्रबंध, लेख, ते परदेशातलं पत्र, सगळ्याचा एका मिनिटात धुरळा झाला. निखिलबरोबर मी कोपऱ्यावर भेळ खाल्ली, गप्पाही मारल्या. कडेची नजर आधी जायला लागली की ते कशाचं लक्षण असू शकतं, हे मला पाठ होतं. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, गेलेलं परत येत नाही, लवकर कळलं तर उरलेलं राखता येतं. परीक्षेत या उत्तराला मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

सोमवारी ताई खुर्चीतून उठल्या, डोळ्यावरची पट्टी काढली आणि नेहमीसारख्या लगेच बाहेर गेल्या नाहीत.

"मीनल, एक इचारू? माझ्या डोळ्यात तर काय न्हाई ना गं? दिवा इतका कसा मंद होतोय? तू रोज आकडे बघतीस म्हणून इचारते."

कुणी दुसऱ्यानं विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलंही असतं. नाही, तेही खरं नाही. कुणालाच सांगितलं नसतं. प्रबंध टाईप होत होता.

"छे हो ताई," मी म्हटलं, "दिवाच जुना झालाय."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि मटाराच्या साली गोळा करायला लागल्या.

मग दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर सोमवारी मी ठरवायचे, आज सांगू. सगळं कशाला, "सहज एकदा डोळे दाखवून या" एवढंच सांगितलं तरी पुरे होतं. पण ताई भोळ्या नव्हत्या. का, असं विचारलं असतं. सरांना जाऊन विचारलं असतं. सरांनी मीटर मागवला असता. मी मूग गिळून बसले. व्हायवा झाली की पहिलं काम हेच, अशी मनाशी शपथ घेतली आणि त्या शपथेच्या जोरावर शांत झोपतही होते, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

होळीच्या आधी व्हायवा झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे पेढे ताईंनीच ट्रेमधून वाटले. "आमची मीनल डाक्टर झाली," असं शिपायापासून संचालकांपर्यंत प्रत्येकाला सांगत फिरल्या. त्या दिवशी कसं सांगणार? उद्या सांगू म्हटलं. चौथ्या दिवशी हडपसरला रस्ता ओलांडताना उजवीकडून आलेली दुचाकी त्यांना दिसलीच नाही. गुडघा फुटला. "गाडी न्हवतीच वो, एकदम उगवली," असं त्या सारखं म्हणत राहिल्या, म्हणून हाडाच्या डॉक्टरांनी त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. काचबिंदूच निघाला. उजवा डोळा बराचसा गेलेला, डाव्यालाही सुरुवात. जे गेलं ते गेलं, उरलेलं थेंबांनी राखायचं, थोडं आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे मला ताईंच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "अरे बाप रे."

महिन्याभरानं ताई काठी टेकत प्रयोगशाळेत आल्या, किल्ल्या परत करायला. सगळे भोवती जमले. त्या सरांना म्हणाल्या, "सर, मी एवढी वर्षं डोळ्यांच्या माणसांत ऱ्हायले आन् मलाच कळलं न्हाई. माझ्यामुळं ह्या पोरींचे आकडे तर चुकले नसतील ना?" त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. सर म्हणाले, "अहो, काहीतरीच काय ताई!" मी कपाटातल्या फायली लावत होते. लावलेल्याच पुन्हा लावत होते.

पुढची तीन वर्षं मी त्यांच्याकडे गेले नाही. दिवाळीला फोन करायचे, तोही दुपारी, त्या झोपलेल्या असतील अशा बेतानं.

मग माझ्याच एका विद्यार्थिनीनं तो लेख छापून आणला, जागोजागी पिवळ्या रेघा मारून. "मॅडम, हे किती भारी आहे! मी यावरच पुढे काम करते ना." तिच्या तोंडाकडे बघवेना. त्या आठवड्यात मी लेख मागे घेण्याचं पत्र लिहिलं. कारण लिहिलं, "मोजमापाच्या साधनात दोष आढळला." पाठवून दिलं आणि मग ते वाक्य पुन्हा वाचलं. साधन! रविवारी मी हडपसरची बस पकडली.

त्यांच्याच जुन्या शेतावरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. दार उघडंच होतं, ताई एकट्याच होत्या. आवाजावरून त्यांनी मला लगेच ओळखलं. "मीनल? आगं, ये की!" उठून पाणी आणायला निघाल्या, त्यांना मीच बसवलं. बसले आणि सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर परत जमलं नसतं. मीटर, बत्तीस, एकेचाळीस, प्रबंध, सगळं. "दसऱ्यापासून मला माहीत होतं, ताई."

त्यांनी शेजारची काठी उचलून मांडीवर आडवी घेतली.

"मी तुला इचारलं हुतं," मग म्हणाल्या.

"हो."

"तू न्हाई म्हणालीस."

"हो ताई."

"मला वाटलं, मीच बघण्यात कच्ची पडले. सरांपुढं किती लाजले मी." आवाज चढला नाही, मला तो चढलेला हवा होता. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नगंस. रडायचं असलं तर घरी जाऊन रड."

मग भिंतीवरच्या घड्याळाकडे मान पूर्ण वळवून त्यांनी वेळ पाहिली. "थेंबांची येळ झाली. सून बाहेर गेलीया. तेवढं टाक आन् जा."

फ्रीजच्या दारातली छोटी बाटली मी काढून आणली. त्यांनी मान मागे टेकवली आणि दोन्ही डोळे माझ्यापुढे उघडे धरले. पहिला थेंब गालावर पडला. "पुन्यांदा टाक," त्या म्हणाल्या. दुसरा नीट पडला. डावीकडे एक, उजवीकडे एक. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे नाकाशी बोट दाबून त्या डोळे मिटून बसल्या. मी बाजूला सरकून उभी राहिले. 

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि समोर खिडकीकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते, हातभर अंतरावर, बाटली हातात घेऊन.

"गेली वाटतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "मीनल, गेलीस का गं?"

"आहे, ताई," एवढंच म्हणायचं होतं. मी बाटली आवाज न करता टेबलावर ठेवली, चपला हातात घेतल्या आणि बाहेर येऊन दार हळूच ओढून घेतलं.